सादरीकरण झाले, आता त्याबद्दल काय लिहावे?

प्रश्न : मी सांगलीत वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. संवाद कौशल्याच्या तासाला आम्हा पाच जणांच्या गटाने ‘सांगलीची हळद’ या विषयावर बारा मिनिटांचे सादरीकरण केले. पहिल्या मुलाने प्रस्तावनेतच सहा मिनिटे घेतली. दुसरीने सांगितलेली भौगोलिक मानांकनाची माहिती चौथ्याच्या स्लाइडवर पुन्हा आली. तिसरा मित्र इंग्रजीत अडखळला, थांबला आणि शेवटी हरिपूरच्या पेवांबद्दल, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांबद्दल, मराठीतच बोलला. चौथा मुलगा सरावाला एकदाही आला नव्हता. समारोप माझ्याकडे होता आणि मला जेमतेम मिनिटभर मिळाले. गुण मात्र सर्वांना सारखेच पडले. आता मॅडमनी प्रत्येकाला एक पानाचे आत्मचिंतन लिहायला सांगितले आहे. खरे लिहिले तर चहाडी केल्यासारखे होईल, आणि ‘खूप काही शिकायला मिळाले’ असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मी काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि ती टाळून पान भरण्याऐवजी तुम्ही विचारलेत, याचा मला आनंद झाला. मी बरीच वर्षे हा विषय शिकवते आहे आणि अशी शेकडो पाने वाचली आहेत. त्यांतील बहुतेक पानांवर ‘संघभावना वाढली’, ‘आत्मविश्वास आला’ अशी वाक्ये असतात आणि त्या पानांवरची नावे अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रश्नात मात्र आत्मचिंतनाचे निम्मे साहित्य आधीच आहे.

तुम्ही सांगितलेल्या घटना एकदा ओळीने पाहा. प्रस्तावना लांबली, माहिती दोनदा आली, समारोप आटोपता घ्यावा लागला. या तिन्ही गोष्टी कोणा एकाच्या भाषणात बिघडलेल्या नाहीत, त्या एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे जाताना बिघडल्या आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही एका ओळीची माहिती वर्गाने दोनदा ऐकली, कारण चौथ्याने दुसरीचे भाषण आधी कधी ऐकलेच नव्हते. मला विचाराल तर तुमच्या पानाचा विषय हाच आहे. तुमच्या गटाने विषयाचे पाच तुकडे केले, प्रत्येकाने आपला तुकडा घरी पाठ केला आणि ते तुकडे पहिल्यांदा एकत्र आले ते थेट वर्गासमोर.

तुम्ही कधी कीर्तन मागच्या बाजूने पाहिले आहे का? बुवा अभंगाचे चरण म्हणून थांबतात, त्याच क्षणी मागे उभे असलेले टाळकरी ते चरण उचलतात आणि तेवढ्या वेळात बुवांना दम घेऊन पुढचा दृष्टान्त मनाशी जुळवता येतो. टाळकऱ्याच्या वाट्याला फक्त ध्रुवपद आले तरी त्याला अख्खा अभंग येत असतो, आणि बुवा कुठे थांबणार हे त्यांच्या मानेच्या हालचालीवरून त्याला कळते. तुमच्यापैकी कोणाला दुसऱ्याचा भाग येत होता का, पहिला मुलगा सहाव्या मिनिटालाही थांबत नाही हे पाहून त्याला खूण करण्याचे आधी ठरले होते का, आणि ठरले नसेल तर ते तुमच्या लक्षात केव्हा आले, हे लिहा. याला चहाडी म्हणता येणार नाही, कारण यात तुम्हीही आहात.

आता सरावाला न आलेल्या मुलाकडे येते, कारण तुमच्या मनातली खरी सल तीच दिसते. गटात माणसे वाढली की एकेकाचा जोर कमी होतो, हे जुने निरीक्षण आहे. फ्रान्समधील कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून हे मोजले होते आणि १९१३ साली प्रसिद्ध केले. आठ जणांनी मिळून लावलेला जोर हा त्यांच्या स्वतंत्र जोरांच्या बेरजेच्या जवळपास निम्माच भरला. यामागे केवळ अंगचोरी नव्हती. सगळ्यांनी एकाच क्षणी ओढणे जमत नाही, हेही एक कारण होते. पुढे १९७९ साली मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ही दोन कारणे वेगळी केली. त्यांनी लोकांचे डोळे बांधून, कानांवर हेडफोन लावून त्यांना ओरडायला सांगितले, आणि इतरही आपल्याबरोबर ओरडत आहेत असा नुसता समज झाला तरी माणूस एकट्यापेक्षा कमी जोराने ओरडतो असे त्यांना आढळले. तेव्हा तुमचा सहकारी निव्वळ आळशी होता, की त्याच्यावर नेमके कोणते काम कोणत्या तारखेपर्यंत सोपवले आहे हे त्याला कोणी स्पष्ट सांगितलेच नव्हते, याचा शोध घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा आणि जुने संदेश वाचा. ‘सगळ्यांनी बघून घ्या रे’ एवढाच संदेश असेल, तर तो कोणालाच उद्देशून नव्हता. आणि स्पष्ट सांगूनही तो आला नसेल, तर तेही नाव न घेता एका वाक्यात लिहा, आणि त्यावर तुम्ही काय केले किंवा का केले नाही, यासाठी पुढची दोन वाक्ये ठेवा.

याच १९७९ सालातला आणखी एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी पती आणि पत्नी यांना वेगवेगळे विचारले की, घरातील कोणत्या कामाचा किती भार तुम्ही उचलता. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कोणी मुद्दाम फुगवून सांगत नव्हते. आपण केलेले काम आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि दुसऱ्याने केलेले बरेचसे दिसतच नाही. लिहायला बसण्याआधी तुम्ही पाचही जणांनी आपापला वाटा टक्क्यांत चिठ्ठीवर लिहून बेरीज करून पाहा. मी वर्गात हे करून घेते, आणि बेरीज १४० किंवा १६० आली की, वर्ग आधी हसतो आणि मग बराच वेळ गप्प होतो. तुमची स्वतःची चिठ्ठी पानावर उतरवण्यासारखी आहे.

अडखळलेल्या मित्राबद्दल लिहिण्याआधी त्याला विचारा. त्याची हरकत नसेल तर तो प्रसंग तुमच्या पानात यायलाच हवा, आणि तो कमीपणा म्हणून नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीत बोलताना काय होते, ते मी जवळून पाहिले आहे : हात स्लाइडच्या रिमोटवर घट्ट, नजर पडद्यावर आणि एकच शब्द तीनदा. अशा वेळी वक्त्याला वाटते की, आपली धडधड सर्वांना ऐकू जाते आहे, पण समोरच्यांना त्यातले फार थोडे जाणवते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली केलेल्या प्रयोगात, ही गोष्ट ज्या वक्त्यांना आधी समजावून सांगितली होती, ते इतरांपेक्षा चांगले बोलले. तुमच्या मित्राने तर त्या अवस्थेतून स्वतःच वाट काढली. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत पसरत गेलेले पेव, त्यात साठवलेली हळद, हे सारे त्याने स्वतःच्या भाषेत सांगितले. तेव्हा वर्ग कसा ऐकत होता? मागच्या बाकावरची कुजबुज थांबली का? नंतर कोणी प्रश्न विचारला का? ऐकणाऱ्याला काय पोहोचले, हाच संवाद कौशल्याचा गाभा आहे, म्हणून तुम्ही त्या दोन मिनिटांत काय पाहिले ते नीट आठवून लिहा.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगते. अनेक महाविद्यालयांत ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले सहा पायऱ्यांचे चक्र दिले जाते : काय घडले, काय वाटले, बरे-वाईट काय होते, तसे का झाले, त्यातून काय निघाले आणि पुढे काय करणार. विद्यार्थी पहिल्या पायरीवर अर्धे पान घालवतात आणि चौथीला एका वाक्यात उरकतात. तुम्ही उलट करा. ‘आमचे वेळेचे नियोजन चुकले’ असे लिहिण्याऐवजी ‘सहावे मिनिट उलटले तेव्हा मी घड्याळ पाहिले, मनात माझी वाक्ये गाळायला लागले, पण उठून खूण केली नाही, कारण तो नाराज होईल असे वाटले’ असे काही खरे असेल तर लिहा. मॅडमना असे एक वाक्य मिळाले की, उरलेले पान त्या वेगळ्या लक्षाने वाचतील.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. माझ्याकडे येणारी आत्मचिंतने एकाच साच्यातली असतात, काही तर शब्दशः सारखी असतात. काय करावे?
— एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, वरील उत्तर आपणही वाचावे, अशी विनंती आहे. आपल्या बाजूने दोन बदल करून पाहा. एक, पान घरून मागवू नका. सादरीकरण संपले की त्याच तासाची शेवटची दहा मिनिटे द्या आणि ‘आज तुमच्या गटाचे कोणत्या क्षणी बिनसले किंवा जमले, तो एकच क्षण लिहा’ एवढेच विचारा. आठवडा उलटला की तपशील विसरले जातात आणि मग साचा हाताशी येतो. दुसरे, गटाच्या गुणांबरोबर काही गुण प्रत्येकाच्या वेगळ्या कामासाठी ठेवा आणि ते सुरुवातीलाच सांगा, कारण आपले काम वेगळे ओळखले जाणार हे ठाऊक असले की, अंगचोरी बरीच कमी होते, असे लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढच्या प्रयोगांत दिसले होते. आत्मचिंतनाला मात्र शक्यतो गुण देऊ नका. मी ते थांबवले तेव्हा पाने निम्म्याने लहान झाली, पण एका मुलीने तीन ओळींत लिहिले होते की, मैत्रीण बोलत असताना ती स्वतःचीच वाक्ये मनात घोकत होती आणि मैत्रिणीचा एकही शब्द तिने ऐकला नव्हता. पुढच्या तासाला मी तिच्या परवानगीने त्या तीन ओळी वाचून दाखवल्या आणि आणखी अकरा जणांनी हात वर केले.