जादा अर्थिंग वायरी टाकण्याआधी

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला जादा अर्थिंग वायरी जोडल्या की थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीचा प्रतिसाद) सुधारतो, असं लोक सांगतात. पण गाडीचं मूळ अर्थिंग धड असेल तर या वायरींनी थ्रॉटलमध्ये काडीचाही फरक पडत नाही. थ्रॉटल पोझिशन सेन्सरला (थ्रॉटलची झडप किती उघडी आहे ते सांगणारा सेन्सर) ५ व्होल्ट ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) देतो आणि त्याची परतीची वायरही ईसीयूकडेच जाते. इंजिनवर निळ्या-लाल वायरींचं जाळं विणलंस तरी त्या सिग्नलला त्याचा पत्ताही नसतो.

मग "गाडी हलकी झाली" असं लोक का म्हणतात? वायरी बसवताना बॅटरी काढली जाते, टर्मिनल घासली जातात, बऱ्याच गाड्यांत ईसीयूचं शिकलेलं पुसलं जातं. शिवाय खिशातून पैसे गेलेले असतात, तेही जाणवतातच.

आधी मोजून बघ. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेव. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको, थेट शिशावर), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. स्टार्टर फिरत असताना आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर विषय संपला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बॅटरीपासून इंजिनला जाणारी जुनी अर्थिंगची पट्टी सोडव, बसायची जागा पॉलिशपेपरने चकचकीत कर, बोल्ट घट्ट आवळ. पट्टी कुजली असेल तर तेवढीच बदल.

निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा) असेल तर जादा वायर थेट खांबाला कधीच जोडू नकोस, चार्जिंगचा हिशेब चुकतो.

पिकअप खरंच मंद वाटतोय? थ्रॉटल बॉडीतली (थ्रॉटलची झडप जिच्यात बसते ती नळी) काजळी आणि एअर फिल्टर बघ.