क्राफ्ट बिअर: कुठल्या देशात स्वस्त, कुठे चांगली?

तुझं म्हणणं असं की नॉर्वेच्या ओस्लोत आयपीएच्या (भरपूर हॉप्सवाली कडसर बिअर, हॉप्स म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी फुलं) एका ग्लासला जेवढे पैसे गेले तेवढ्यात प्रागमध्ये तीन-चार ग्लास झाले असते, मग ओस्लोची बिअर तितकी भारी म्हणायची का. अजिबात नाही. किंमत बघून क्वालिटीचा अंदाज एका देशाच्या आत थोडाफार बांधता येतो, दोन देशांची तुलना सुरू केली की मध्ये टॅक्स येतो आणि सगळा हिशोब बिघडतो.

जर्मनीचं बघ. तिथे बिअरवरची एक्साइज प्लेटो डिग्रीवर लागते, म्हणजे आंबवण्याआधी माल्टच्या (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली) रसात साखर वगैरे किती होती त्यावर. रेट आहे हेक्टोलिटरला (१०० लिटर) दर डिग्रीमागे ०.७८७ युरो, नेहमीच्या १२ डिग्रीवाल्या अर्ध्या लिटरवर ५ सेंटसुद्धा पडत नाहीत. तेवढीच ५ टक्के अल्कोहोलची बिअर फिनलंडमध्ये घेतलीस तर एक्साइजच ९० सेंटच्या आसपास, वर व्हॅट वेगळा. ब्रूअरने हॉप्सची पिशवी पण फोडलेली नाही अजून आणि किंमत इथेच कुठच्या कुठे गेली. नॉर्वेत तर ४.७ टक्क्यांच्या वरची बिअर सुपरमार्केटमध्ये मिळतच नाही, विनमोनोपोलेट या सरकारी दुकानात जावं लागतं, स्वीडनमध्ये हीच रेषा ३.५ वर आणि तिथलं सरकारी दुकान सिस्टिमबोलागेट. सरकारी दुकान म्हणजे माल रद्दी असणार असं मात्र समजू नकोस, तिथली रेंज बघून बरेच जण चाट पडतात.

जपानमध्ये वेगळीच गंमत. १९९४ पर्यंत लायसन्स हवं असेल तर वर्षाला किमान २० लाख लिटर बिअर काढायची अट होती, ती ६० हजारावर आणली तेव्हा कुठे छोट्या ब्रूअरी सुरू झाल्या. त्यात टॅक्स माल्टच्या प्रमाणावर, म्हणून मोठ्या कंपन्या कमी माल्टची हाप्पोशू (बिअरसारखंच पेय) काढून टॅक्स वाचवत राहिल्या आणि खरोखर माल्ट घालणारा छोटा ब्रूअर मात्र बिअरचा जास्तीचा टॅक्स भरत राहिला. तो फरक २०२० पासून टप्प्याटप्प्याने काढायला घेतलाय.

अमेरिकेत उलट, छोट्या ब्रूअरला पहिल्या ६० हजार बॅरलवर फेडरल टॅक्स बॅरलला फक्त साडेतीन डॉलर, बॅरल म्हणजे साधारण ११७ लिटर. तरी बारमध्ये बिल वाढतं कारण बहुतेक राज्यांत ब्रूअर, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार अशी साखळी आहे, प्रत्येकाचं मार्जिन, वर सेल्स टॅक्स आणि टिप, मेनूवर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून शक्य असेल तर थेट ब्रूअरीच्या टॅपरूममध्ये (तिचा स्वतःचा बार) बस.

आता क्वालिटी. माझ्या मते हॉपवाल्या बिअरमध्ये देशापेक्षा तारीख मोठी. कॅन उलटा कर, बुडाला पॅकिंगची तारीख छापलेली असते (नसेल तर मी तो कॅन परत ठेवतो, सरळ). ताज्या हेझी (गढूळ दिसणाऱ्या) आयपीएचा रंग पिवळाधमक आणि वास आंब्या-संत्र्याचा, तीच चार-पाच महिने उबदार गोडाऊनमध्ये राहिली की मळकट तपकिरी होते आणि वास ओल्या पुठ्ठ्यासारखा, ऑक्सिजनने वाट लावलेली असते. त्यामुळे इंपोर्टेड आयपीए दुप्पट पैसे देऊन घ्यायची आणि मग अमुक देशाची बिअर ओव्हररेटेड आहे असं लिहायचं, हे त्या ब्रूअरवर अन्यायच आहे. इंपिरियल स्टाउट, बेल्जियन क्वाड असली गडद, जास्त अल्कोहोलवाली बिअर असेल तर प्रवास चालतो, काही तर वर्षभराने जास्त छान लागतात.

पैसा वसूल म्हणशील तर माझं मत बेल्जियमला. ८-९ टक्क्यांची, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली ट्रिपल (तिथली कडक सोनेरी बिअर) तिथे ज्या भावात मिळते त्या भावात बाकी बऱ्याच ठिकाणी साधी लागरही (थंडीत आंबवलेली नेहमीची बिअर) येत नाही. वेस्टव्हलेटरन १२ ही तिथल्या मठात बनणारी बिअर, ती मठातून आधी बुक करून घेतली तर किंमत वाजवी, बाहेर जी दिसते ती रीसेलवाल्यांची कमाई, तिला क्वालिटीचं माप धरू नकोस. चेक लागर स्वस्त आहे म्हणून हलकी समजू नये, टाकीत कित्येक आठवडे थंड ठेवावी लागते, आयपीएपेक्षा जास्त वेळ टाकी अडवते. तिथे टॅक्स कमी आणि खप प्रचंड म्हणून परवडतं एवढंच. पण प्रागची लागर आणि ओस्लोची आयपीए ही तुलनाच मुळात चुकीची, स्टाइल सारखी घे आणि ताकद (अल्कोहोल) सारखी घे, मग भाव बघ.

आणि भाव नेहमी लिटरवर आणून बघ, ग्लासवर नको. ब्रिटनचा पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकेचा ४७३ चा, आणि ॲडलेडमध्ये नुसतं पाइंट म्हणालास तर ४२५ मिली हातात येतं, मोठा हवा असेल तर इम्पिरियल पाइंट असं सांगावं लागतं.