क्रॉफिशचा भाव आदल्या वर्षीच्या चिखलात ठरतो

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनमध्ये राहतो. शेजारच्या लुइझियाना राज्याचे क्रॉफिश (गोड्या पाण्यातले, छोट्या लॉबस्टरसारखे कवचधारी जीव) उकडून खाणे आमच्याही घरी रुळले आहे. पण २०२४ मध्ये भाव ऐकूनच परत फिरावे लागले. कोलंबीचा भाव एवढा हलत नाही, मग क्रॉफिशचाच का? आणि खरेदी कधी करावी?

उत्तर : तुमच्याकडची बहुतेक कोलंबी गोठवून येते, त्यातली बरीचशी भारतातल्या तळ्यांतली असते, शीतगृहात साठा असल्यामुळे एखाद्या ठिकाणचे पीक बुडाले तरी दुकानातला भाव एकदम उसळत नाही. क्रॉफिश मुख्यतः जिवंत विकले जातात, त्यामुळे त्यांना असा आधार नाही. लुइझियानात भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतांत पाणी भरून त्यांचे पीक घेतात. मादी उन्हाळ्याच्या तोंडावर चिखलात बीळ करून आत राहते, तिथेच अंडी घालते आणि ऑक्टोबरच्या सुमारास शेतात पाणी सोडले की पिल्लांसह बाहेर येते. २०२३ च्या दुष्काळात जमीन इतकी तडकली की बिळांतली ओल आटून असंख्य माद्या आतच मेल्या. त्यात जानेवारी २०२४ ची कडाक्याची थंडी आली. पाणी गार झाले की क्रॉफिश सापळ्यातल्या आमिषाकडे फिरकत नाहीत. मार्चमध्ये राज्यपालांना आपत्ती जाहीर करावी लागली. एवढे सोसलेल्या शेतकऱ्याला चढ्या भावाचा दोष देणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

एरवीच्या वर्षी भाव हंगामाच्या आरंभी सर्वांत चढे असतात. पुढे लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात कॅथलिक कुटुंबे शुक्रवारी मांस वर्ज्य करतात, पण मासे-क्रॉफिश त्यात मोडत नाहीत, त्यामुळे गुड फ्रायडेपर्यंत मागणी टिकून राहते. ईस्टर उलटला की गिऱ्हाईक कमी होते आणि ऊब वाढल्याने सापळे भरू लागतात. म्हणून एप्रिलअखेर ते मेचा मध्य हा काळ आम्ही सुचवू. जूनपर्यंत थांबू नये, कारण तोवर कवच टणक होऊन सोलणे जिकिरीचे होते.

सोललेल्या गोठवलेल्या मांसाची तुलना जिवंत मालाच्या पौंडाशी करू नका. एक पौंड मांसासाठी साधारण सहा-सात पौंड क्रॉफिश लागतात, शिवाय सोलण्याची मजुरी असते. त्यामुळे लुइझियानाचे पाकीट महागच पडते. स्वस्त पाकीट पुष्कळदा चीनचे निघते, आणि १९९७ पासून त्यावर अमेरिकेत डंपिंगविरोधी शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीवरचा जादा कर) असूनही ही तफावत दिसते. पाकिटावरचा देश वाचून घ्या.

जिवंत माल तीस-पस्तीस पौंडांच्या जाळीदार पोत्यात येतो. पोते सावलीत, ओलसर ठेवा. उघडल्यावर नांग्या उगारणारे तेवढेच भांड्यात टाका, निपचित पडलेले वेगळे काढा.