घर विकायला काढण्यापूर्वी पिवळे पडलेले लॉन सुधारावे की उपटून नवे टाकावे?

आपण दिलेला तपशील थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये बंगला, समोर सुमारे १००० चौरस फुटांचे लॉन, डिसेंबरपासून ते पिवळे पडलेले, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत मधोमध टक्कल पडलेले, आंब्याखाली तर गवत उरलेलेच नाही, आणि गुढीपाडव्यापासून ग्राहकांना घर दाखवायचे असल्यामुळे हातात जेमतेम सात आठवडे. माळ्याने सगळे उपटून नवे लॉन अंथरण्यास सांगितले आहे आणि ते ऐकावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की ऐकू नये. काही वर्षांपूर्वी वडिलांचे तळेगाव दाभाड्याचे घर विकताना मी या सगळ्यातून गेले आहे, आणि त्या वेळी केलेल्या चुका आपल्या हातून होऊ नयेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सर्वांत आधी हे पाहा की गवत मेले आहे की थंडीने थांबले आहे. आपल्याकडे अंगणात लावले जाणारे सिलेक्शन नंबर वन हे हरळीच्याच जातीचे गवत आहे. मेक्सिकन म्हणून जे मिळते तेही उष्ण हवेतच वाढणारे आहे. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की या गवतांची वाढ थांबते आणि पाती पिवळी पडतात. नाशिक-निफाडच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत लॉन फिके पडणे हा रोग नव्हे. मूठभर गवत ओढून जमिनीलगतच्या काड्या नखाने खरवडून पाहा. आत पांढरट हिरवा, ओलसर गाभा दिसला तर गवत जिवंत आहे आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर रात्री उबदार होऊ लागल्या की ते आपोआप फुटू लागेल. काडी कोरडी होऊन कटकन मोडत असेल तर तेवढा भाग गेला, असे समजावे. ओढल्यावर गवत मुळांशिवाय गोधडीसारखे उचलून हातात येत असेल, तर मात्र पावसाळ्यात हुमणीच्या अळ्यांनी मुळे खाल्लेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेवढी जागा वीतभर खोल उकरून, अळ्या वा कोष दिसल्यास वेचून, मगच तिथे नवे गवत लावावे.

नवे लॉन अंथरू नये, असे मी म्हणते त्याचे कारण केवळ खर्च नाही. रोपवाटिकेतून आलेले लॉनचे तुकडे मातीत मुळे धरायला उबदार हवेतही दोन-तीन आठवडे घेतात, थंडीत त्याहून अधिक, आणि त्यांच्यामधले सांधे त्यानंतरही बरेच दिवस चौकटी-चौकटीने दिसत राहतात. शिवाय नव्या लॉनखाली माळी जी माती आणि शेणखत पसरतात, त्यातून तणांचे बी येते आणि शेणखत नीट कुजलेले नसेल तर हुमणीही येते. घर पाहायला आलेल्या माणसाला काल-परवा अंथरलेले लॉन लगेच ओळखू येते आणि मग त्याच्या मनात रंग कशावर चढवला आहे, अशी शंका उभी राहते. जुने, मुरलेले, नीट राखलेले गवत पाहून ही शंका येत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत खताला हात लावू नये. त्या काळात तण काढावे, कडा बांधाव्यात आणि माती मोकळी करावी. तणांपैकी आंबुशी, दुधी आणि घोळ ही पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी खुरप्याने मुळासकट निघतात. लव्हाळा मात्र हट्टी असतो. त्याची पात ओढली की खालची गाठ जमिनीतच राहते आणि आठवडाभरात पुन्हा फुटते, म्हणून अरुंद खुरपे खोल घालून गाठीसकट काढावा आणि दर चार-पाच दिवसांनी त्याच जागा पुन्हा पाहाव्यात. तणनाशक मी या मुदतीत वापरणार नाही. ग्लायफोसेट तणाबरोबर लॉनही मारते, आणि २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर चालत असले तरी द्राक्षवेलींना त्याचा नुसता उडालेला फवारा किंवा वाफही बाधते. नाशिकमध्ये बंगल्याच्या कुंपणापलीकडे कोणाची तरी बाग असू शकते, हे कृपया विसरू नये.

कडांबद्दल मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे, कारण सात आठवड्यांत सर्वांत मोठा फरक तिथेच दिसतो. गवत वाफ्यांत, फरशीवर आणि भिंतीपर्यंत पसरलेले असते, त्यामुळे चांगले लॉनही ओसाड वाटते. दोरी ताणून, फावड्याच्या धारेने सरळ रेषेत दोन इंच खोल काप घ्यावा, बाहेरचे गवत काढून टाकावे आणि वाफ्याची माती त्या रेषेपासून किंचित खाली ठेवावी. आमच्या घरी हे काम एका माणसाने एका दिवसात केले आणि संध्याकाळी आईने, ज्या घरात तिने सव्वीस वर्षे काढली होती, तिथे उभे राहून विचारले की नवीन लॉन कधी टाकले.

कापलेल्या कडांचे हे गवत फेकू नये. टकलाच्या जागा भरण्यासाठी तेच वापरावे, आणि कमी पडल्यास घरामागचा, कोणाच्या नजरेत न येणारा तुकडा उचलून पुढे लावावा. बाहेरून आणलेल्या गवताची जात, पातीची रुंदी किंवा हिरवेपणाची छटा थोडी जरी वेगळी असली तरी ते ठिगळ कायम उठून दिसते. आणायचेच झाले तर आपल्या लॉनचा तळहाताएवढा तुकडा मुळासकट घेऊन रोपवाटिकेत जावे आणि जुळवून घ्यावे. लावताना खालची माती बोटभर मोकळी करावी, तुकडा दाबून बसवावा आणि पहिले दहा दिवस तो सुकू देऊ नये.

फाटक ते व्हरांडा या वाटेवर मात्र गवत लावू नये. तिथे गवत मेले ते माणसे चालून चालून, आणि ग्राहकही तिथूनच चालणार आहेत. शहाबादी फरशीचे तुकडे पावलांच्या अंतराने, गवताच्या पातळीला बसवावेत, म्हणजे गवत कापायचे यंत्र वरून फिरवता येते. आंब्याखालची जागाही गवतासाठी सोडून द्यावी. सिलेक्शन नंबर वनला दिवसाचे किमान पाच-सहा तास ऊन लागते आणि दाट आंब्याखाली ते मिळत नाही. खोडाभोवती गोल रेषा काढून आत वाळलेल्या पानांचे आच्छादन किंवा सावलीत तगणारी स्पायडर प्लांटसारखी रोपे लावली, तर ती जागा ठरवून केलेली दिसते.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर खताला सुरुवात करावी, आणि आमची मोठी चूक इथेच झाली. आमच्या माळ्याने भर दुपारी, कोरड्या लॉनवर मुठीने युरिया फेकला आणि पाणी संध्याकाळी दिले. तिसऱ्या दिवशी जागोजागी तांबूस, जळालेले गोल उमटले आणि ते भरून यायला दीड महिना गेला. तोवर घर पाहायला येणाऱ्यांना आम्ही पुढची तारीख देत राहिलो. १००० चौरस फुटांना एका वेळी अर्धा किलो युरिया पुरे होतो. तो वाळूत मिसळून, आधी उभा आणि मग आडवा, सारखा पसरावा, गवताची पाती कोरडी असावीत पण माती ओली असावी, आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. पंधरा दिवसांनी तेवढीच दुसरी मात्रा द्यावी, त्याहून अधिक नाही. शेणखत या मुदतीत वर पसरू नये, कारण वास आणि माश्या दोन्ही येतात. त्याऐवजी लोखंडी सळईने तीन-चार इंच खोल भोके पाडून वर चाळलेले गांडूळखत आणि वाळू यांचा अर्धा सेंटिमीटर थर झाडूने पसरावा.

एवढे करूनही नवी पाती पिवळट आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता असू शकते. चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीत लोह असते, पण गवताला ते घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारल्यास काही दिवसांतच रंग गडद होतो आणि युरियासारखी गवताची उंची वाढत नाही. फवारताना फरशी आणि पायऱ्या झाकून ठेवाव्यात, हिराकशीचे तांबडे डाग सहजी निघत नाहीत.

कापणीत माळी मंडळींचा कल गवत पार जमिनीलगत उतरवण्याकडे असतो, कारण मग लवकर यावे लागत नाही. तसे केल्यावर खालच्या तपकिरी काड्या उघड्या पडतात आणि लॉन पुन्हा वाळल्यासारखे दिसते. उंची दीड इंच ठेवावी, एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक कापू नये आणि मार्चपासून दर आठवड्याला कापावे. पात्याला धार लावून घ्यावी. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या टोकांवर पांढरट झाक येते. दाखवण्याच्या दिवशी न कापता दोन दिवस आधी कापावे.

आता पाण्याबद्दल. घर पाहायला येणारा माणूस मार्च-एप्रिलमध्ये हिरवे लॉन पाहून आधी खूश होतो आणि लगेच विचारतो की पाणी कुठून आणता. १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यावर दिवसाला ५ मिलिमीटरच्या हिशेबाने जवळजवळ ४६५ लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवडे. हा हिशेब आपण आधीच करून ठेवावा. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड सकाळी लवकर, चार इंच खोल ओल जाईल एवढे द्यावे. पाणी अपुरे असेल, तर घर दाखवण्यापुरते टँकर लावून १००० फूट हिरवे करण्यापेक्षा लॉन आताच ६०० फुटांवर आणावे आणि उरलेल्या जागेत फरशी व कमी पाण्याची झाडे घ्यावीत. हिरवा रंग फवारून देणारेही भेटतील. त्यांना दारात उभे करू नये. जो माणूस आयुष्यभराची पुंजी घालून हे घर घेणार आहे, त्याला मे महिन्यात सत्य कळावे, हे मला बरोबर वाटत नाही.

आम्ही एका कागदावर गवताची जात, बोअरवेलची खोली, ती उन्हाळ्यात किती तास चालते, शेवटचे खत कधी घातले आणि माळी कोणत्या वारी येतो, एवढे लिहून ठेवले होते. ज्या कुटुंबाने घर घेतले, त्यांनी किल्ल्यांबरोबर तो कागदही मागून घेतला.