वाचकांचे प्रश्न: आठ रात्रीत सहा पार्क, जमेल का?

प्रश्न: आम्ही सांगलीचे. मी आणि मिस्टर दोघंही रिटायर झालोय, सोबत मुलगी, जावई आणि सासूबाई (वय ७८, गुडघ्यांचा त्रास आहे पण हौस दांडगी). टूरवाल्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं पॅकेज दिलंय, आठ रात्रीत केनियातलं अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा, मग बॉर्डर ओलांडून टांझानियातलं सेरेंगेटी, न्गोरोंगोरो आणि तरंगिरे. सगळे म्हणतात एवढ्या लांब जाताच आहात तर दोन्ही देश एकदमच उरकून टाका. करावं का?

उत्तर: ताई, नका करू. अगदी मनापासून सांगतो, या पॅकेजात तुम्ही प्राणी कमी आणि रस्ता जास्त बघाल. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात, वाइल्डबीस्ट (गायीसारखं दिसणारं, कळपाने फिरणारं रानटी जनावर) तर पाय टाकला की पलीकडे, पण टुरिस्टांना तिथून जाता येत नाही, तुम्हाला पश्चिमेकडे इसेबानियाच्या नाक्यापर्यंत वळसा घालून जावं लागतं, तिथे इमिग्रेशन, बहुतेक वेळा गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही बदलायचे, आणि पुढे परत खडबडीत रस्ता, म्हणजे तो अख्खा दिवस गेलाच समजा. अंबोसेली ते नाकुरू हाही जवळजवळ दिवसभराचा प्रवास आहे. त्यात सकाळी सहाला गेम ड्राईव्ह म्हणजे गाडीतून प्राणी बघायची फेरी, संध्याकाळी परत एक, आणि रोज नवीन लॉजवर बॅगा उघडा आणि भरा. सासूबाईंच्या गुडघ्यांचं सोडाच, जावई पण तिसऱ्या दिवशी गाडीत झोपा काढायला लागतील.

माझं मत विचाराल तर एकच देश घ्या आणि पार्क तीनच ठेवा. केनिया करायचा असेल तर अंबोसेलीत दोन रात्री, वाटेत नैवाशा किंवा नाकुरूला दोन, आणि मारात चार. अंबोसेली फक्त ३९२ चौरस किलोमीटरचा आहे पण हत्तींसाठी त्याला तोड नाही, तिथल्या कळपांवर १९७२ पासून सलग संशोधन चालू आहे त्यामुळे हत्ती न हत्ती ओळखीचा, गाड्यांना सरावलेला, आणि पहाटे ढग बाजूला झाले की मागे ५,८९५ मीटरचा किलिमांजारो. ढग साधारण नऊ-दहाला परत येतात, म्हणून तिथे उठायचा कंटाळा करू नका. नाकुरूला काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे आहेत. मात्र फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेलं तळं मनात धरून जाऊ नका, पाण्याची पातळी वाढल्यापासून बरेचसे पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांवर गेलेत, जुन्या फोटोंवर ब्रोशर अजून चालतात.

टांझानिया करायचा तर तरंगिरे, न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी, आणि सेरेंगेटीला निदान तीन रात्री द्याच, कारण ते एकटंच १४,७६३ चौरस किलोमीटर आहे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यातच दिवस संपतो. न्गोरोंगोरोचं क्रेटर म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचा तळ, साधारण २६० चौरस किलोमीटर, भोवती सहाशे मीटर उंच भिंत. सिंह, काळा गेंडा, म्हसरं, हत्ती सगळं आत, पण जिराफ नाहीत. काठावरची उंची साधारण २,३०० मीटर आहे आणि जुलैच्या पहाटे तिथे चांगली थंडी वाजते, तेव्हा सासूबाईंचा स्वेटर, कानटोपी हातातल्या बॅगेत ठेवा, आफ्रिका म्हणजे उकाडाच असं धरून चालू नका.

अजून एक. टूरवाल्यांना सरळ विचारा की गाडी लँड क्रूझर आहे की मिनीव्हॅन, प्रत्येकाला खिडकी मिळणार का, आणि आजींना चढायला छोटं स्टूल असतं का. आणि मारात लॉज गेटच्या आत आहे की बाहेर, कारण २०२४ पासून तिथली फी परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालीये, आणि पॅकेज स्वस्त दिसतं तेव्हा कित्येकदा पार्कातले दिवसच कमी केलेले असतात.

प्रश्न: मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट बघायचेत, फक्त त्यासाठीच जायचंय. जुलैच ना? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मारा बाजूला बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर जास्त भरवशाचे. जुलैच्या सुरुवातीला बरेच कळप अजून सेरेंगेटीच्या पश्चिमेला आणि उत्तरेला असतात. पाऊस पडेल, गवत उगवेल तिकडे ते जातात, तारीख कोणीच देऊ शकत नाही, जो देतोय त्याच्याकडे बुकिंग करू नका. नदीकाठी हजारो जनावरं येऊन उभी राहतात, दोन-तीन तास नुसती धूळ आणि हंबरणं, आणि मग एखादी माघारी वळते की सगळी मागे. त्याची तयारी ठेवून जा.

पण तुम्ही फेब्रुवारीचा विचार केलाय का? मला स्वतःला तोच काळ जास्त आवडतो. साधारण १३ लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे दोनेक लाख झेब्रे तेव्हा सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या आसपास उतरलेले असतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवत बुटकं पण कॅल्शियम, फॉस्फरसने भरलेलं, दूध पाजणाऱ्या आयांना तेच हवं असतं. दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात, सगळी एकदमच, त्यामुळे सिंह-तरसांनी कितीही खाल्ली तरी बहुतेक वाचतात. वासरू काही मिनिटांत उभं राहून आईमागे पळायला लागतं. सगळं उघड्या माळावर, चित्ते पण तिथेच, आणि ऑगस्टमधल्या नदीकाठच्या गाड्यांच्या रांगा नाहीत. फक्त मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेवढं टाळा.

प्रश्न: आम्ही नागपूरचे, ताडोबा नेहमीचं. तिकडेही चार-चार राईड मारून काहीच दिसत नाही असं होतं का? आणि कॅमेरा कुठला न्यावा?

उत्तर: दिसत नाही असं सहसा होत नाही. ताडोबात तुम्ही बांबूत लपलेला एक वाघ शोधता, चितळाच्या कॉलवर कान ठेवून. इथे गवताळ माळ आहे आणि सिंह कळपाने राहतात, शिवाय दिवसाचे अठरा-वीस तास लोळत असतात, त्यामुळे सापडतात. बिबट्या मात्र इथेही परीक्षा बघतो, सेरोनेरा नदीकाठच्या झाडांच्या आडव्या फांद्या बघत राहायच्या, खाली लोंबणारी शेपटी आधी दिसते.

१००-४०० ची लेन्स पुरते. ट्रायपॉड नको, गाडीत उघडतच नाही, त्यापेक्षा कॅमेरा टेकवायची छोटी बीनबॅग रिकामी न्या आणि तिकडे तांदूळ भरून घ्या. धूळ प्रचंड, लेन्स गाडीत बदलू नका. दुर्बीण मात्र माणशी एक हवी, चौघांत एक नेली की भांडणं होतात. केनियात सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चपट्या पिनांचं असतं, चार्जरला तसा अडॅप्टर लागतो. कपडे खाकी, मातकट. गडद निळा आणि काळा नको, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात आणि तरंगिरेत त्या भरपूर आहेत, जीन्समधूनही चावतात.

प्रश्न: शाकाहारी जेवण मिळेल का? आम्ही ठेपले, चिवडा, लाडू सगळं नेणार आहोत. – नाशिक

उत्तर: मिळेल, आणि बरं मिळेल. पूर्व आफ्रिकेत आपले गुजराती लोक पिढ्यान् पिढ्या राहिलेत, चपाती आणि समोसा तिथल्या लोकांच्याही रोजच्या खाण्यात आहेत. आधी कळवलं तर लॉजवर डाळ-भात होतो. खाऊ न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधून नको! केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि केनियाच्या पार्कांत २०२० पासून एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे, कापडी पिशव्या, स्वतःची बाटली. छोट्या विमानाने मारात जाणार असाल तर सामान सगळं मिळून १५ किलो आणि बॅग मऊ कापडाची, चाकांची कडक सुटकेस घेत नाहीत.

प्रश्न: यलो फीव्हरची लस खरंच लागते का?

उत्तर: केनियाला जाणार असाल तर लागते, आणि मुख्य म्हणजे परत येताना लागते. तिथून भारतात उतरल्यावर सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच, आणि एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी पहिल्यांदाच घ्यायची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, त्या वयात गंभीर साइड इफेक्टचा धोका वाढतो. म्हणून सांगलीच्या ताई, तिकिटं काढायच्या आधी सासूबाईंना डॉक्टरकडे नेऊन आणा. मलेरियाच्या गोळ्यांचं पण त्याच भेटीत विचारा.

प्रश्न: ड्रायव्हरला टिप जास्त दिली तर तो चित्त्याच्या अगदी जवळ नेतो असं ऐकलंय. खरंय का? – कोल्हापूर

उत्तर: काही नेतात, आणि कृपा करून असं करायला लावू नका. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपण फिरतो तेव्हाच, आणि भोवती दहा-वीस गाड्या लागल्या की त्याची शिकार हुकते, आई पिल्लांपासून तुटते. मारातच झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टुरिस्टांची गर्दी असलेल्या भागातल्या माद्यांची पिल्लं खूपच कमी जगली असं दिसलं. गर्दी नको असेल आणि खर्च परवडत असेल तर माराला लागून असलेल्या नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी बघा, जमीन मसाई कुटुंबांची, त्यांना तिचं भाडं मिळतं, आणि गाड्यांची संख्या मर्यादित ठेवतात. टिप चांगली द्या, पण शेवटच्या दिवशी. आणि पहिल्याच संध्याकाळी ड्रायव्हरला सांगून टाका की आम्हाला घाई नाही, लांबून बघू, रस्ता सोडू नका. जास्त टिपसाठी नियम मोडायचं प्रेशर त्यांच्यावरही असतंच, गिऱ्हाईक स्वतःच असं म्हणालं की ते पण मोकळे होतात आणि मग प्राण्यांबद्दल भरभरून सांगत बसतात.