सरकारी मसुद्यावर ऑनलाइन सूचना पाठवून खरंच काही बदलतं का?

तुम्ही लिहिलंय की एका धोरणाच्या मसुद्यावर दोनदा सूचना पाठवल्या, तीन-चार याचिकांवर सह्या केल्या, पण कुठूनच उत्तर आलं नाही. आता नवा मसुदा आलाय, तर पुन्हा वेळ घालवायचा का?

घालवा. पण मागच्या वेळेपेक्षा वेगळ्या पद्धतीने.

मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे, म्हणून सांगतो. काही वर्षं माझं काम हेच होतं: मसुद्यावर आलेल्या हरकती आणि सूचना वाचायच्या, कलमवार लावायच्या आणि तक्ता करून मसुदा लिहिणाऱ्यांपुढे ठेवायचा. एकदा अपंगत्वाच्या दाखल्यासंबंधीच्या नियमांचा मसुदा होता. त्यावर एकाच मजकुराची हजारो ईमेलं आली, कुठल्यातरी मोहिमेतून पाठवलेली. 'हे नियम अन्यायकारक आहेत, मागे घ्या.' तक्त्यात त्या सगळ्यांची मिळून एक ओळ झाली आणि शेजारच्या रकान्यात संख्या लिहिली गेली. त्याच गठ्ठ्यात एका बाईंचं पाच ओळींचं पत्र होतं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. 'अर्जदाराने स्वतः हजर राहावे' असं एका कलमात होतं. त्यांनी त्या कलमाचा क्रमांक देऊन 'स्वतः' या शब्दापुढे 'किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत' एवढे शब्द घाला, असं सुचवलं होतं. आईला उचलून न्यायचं तर काय काय करावं लागतं, हेही दोन वाक्यांत लिहिलं होतं. बैठकीत त्या पत्रावर जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं आणि अंतिम नियमांत ते शब्द आले.

हजारो माणसांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण 'मागे घ्या' याला मसुदा लिहिणारा एकच उत्तर देऊ शकतो: नाही. बाईंच्या पत्राने त्याला पेन उचलायला भाग पाडलं.

संख्येवर विसंबण्यातला धोका 2017 मध्ये अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर दिसला. इंटरनेट समानतेचे, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखं वागवावं असे, नियम रद्द करण्याच्या प्रस्तावावर तिथल्या दूरसंचार आयोगाकडे सुमारे 2 कोटी 20 लाख अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने पुढे चौकशी केली, तेव्हा त्यातले जवळजवळ 1 कोटी 80 लाख बनावट निघाले. ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेत लाखो माणसांची नावं त्यांना न विचारता वापरली होती. उलट, नियम राहावेत या बाजूने एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने एकट्याने 77 लाखांहून जास्त अभिप्राय खोट्या नावांनी यंत्रावर तयार करून पाठवले होते. मला यातलं सगळ्यात वाईट काय वाटतं, तर या ढिगाखाली खऱ्या माणसांनी स्वतः बसून लिहिलेलं गाडलं गेलं. नियम डिसेंबर 2017 मध्ये रद्द झाले.

त्याच विषयावर भारतात घडलेलं वेगळं आहे. 2015 मध्ये 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, शंभराहून जास्त पानांचा सल्लामसलतीचा मसुदा काढला. काही स्वयंसेवकांनी तो सोप्या भाषेत आणला, प्रश्नांची उत्तरं तयार केली, आणि दहा लाखांहून जास्त ईमेलं गेली. त्या वर्षाच्या शेवटी वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावावेत का, या मुद्द्यावर दुसरा मसुदा आला, तेव्हा फेसबुकने 'फ्री बेसिक्स'च्या, म्हणजे निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या आपल्या योजनेच्या, बाजूने आपल्या वापरकर्त्यांकडून साच्यातले संदेश पाठवून घेतले. 'ट्राय'ने स्पष्ट सांगितलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांना यात उत्तर नाही. 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा आदेश निघाला. ईमेलांमुळेच तो निघाला असं मी म्हणणार नाही, त्यात बरीच कारणं होती. पण पहिल्या मोहिमेत साचा असूनही प्रश्नांना धरून उत्तरं होती, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता तुमच्या तक्रारीच्या गाभ्याकडे येतो: उत्तर येत नाही. यात तुमची चूक नाही. लोकांना बोलायला जागा करून देणं इंटरनेटमुळे अतिशय स्वस्त झालंय. उत्तर देणं मात्र तितकंच कष्टाचं राहिलंय. त्यामुळे अर्ज भरायचं पान दोन दिवसांत तयार होतं आणि पुढची व्यवस्था कोणी करतच नाही. कुठलीही नवी योजना दिसली की मी एवढंच शोधतो: कोण, किती दिवसांत, काय करायला बांधील आहे?

आइसलँडचं उदाहरण मला अजून सलतं. आर्थिक पडझडीनंतर 2011 मध्ये तिथे 25 सामान्य नागरिकांच्या परिषदेने नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहिला. कलमं तयार होतील तशी ती इंटरनेटवर टाकली जात, लोक सूचना करत, परिषद त्यावर चर्चा करी. ऑक्टोबर 2012 च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी तो मसुदा नव्या घटनेचा आधार व्हावा असं सांगितलं. पण सार्वमत सल्ल्यापुरतं होतं. संसदेने तो मसुदा मंजूर न करताच 2013 ची निवडणूक आली आणि सगळं तिथेच थांबलं.

याउलट फिनलंडमध्ये 2012 पासून कायदाच आहे: सहा महिन्यांत 50,000 सह्या जमल्या तर प्रस्ताव संसदेला विचारात घ्यावाच लागतो. ऑनलाइन सही करताना ओळख पटवावी लागते, त्यामुळे बनावट सह्यांचा प्रश्न बराचसा मिटतो. संसदेपर्यंत पोचलेला पहिला प्रस्ताव फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी घाला असा होता. संसदेने तो 2013 मध्ये फेटाळला. समलिंगी विवाहाचा प्रस्ताव मात्र 2014 मध्ये मंजूर झाला आणि 1 मार्च 2017 पासून कायदा लागू झाला. मला यातला नकारसुद्धा मोलाचा वाटतो. कोणी विरोधात मत दिलं आणि का दिलं, हे नोंदलं गेलं. पुढच्या वेळी कुठे रेटायचं हे लोकांना कळलं.

भारतात केंद्र सरकारचं 2014 चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या मतांचा सारांश संकेतस्थळावर टाकावा. पण हे धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही तर कोणाला जाब विचारायचा, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक गोष्ट आतून पाहिलेली. ज्या गटाकडून काहीच येत नाही, त्याची हरकत नाही असं धरलं जातं. कोणी मुद्दाम धरत नाही. तक्त्यात रकाना रिकामा असतो एवढंच. आणि रकाना रिकामा कोणाचा असतो? ज्यांना मसुद्याची भाषा कळत नाही, ज्यांचा दिवस कामातच संपतो, ज्यांना मसुदा निघालाय हेच ठाऊक नसतं त्यांचा. म्हणून तुम्हाला वाचता-लिहिता येतंय, वेळ काढता येतोय, तर ज्याच्यावर नियमाचा भार पडणार आहे अशा एका तरी माणसाला ते कलम वाचून दाखवा. त्याने सांगितलेली अडचण त्याच्याच शब्दांत, त्याला विचारून, लिहा. माझ्या टेबलावर आलेल्या उत्तम सूचनांपैकी बऱ्याच अशाच होत्या.

यावेळी पूर्ण मसुद्यावर मत देऊ नका. एक किंवा दोन कलमं निवडा. क्रमांक लिहा, आत्ताचे शब्द लिहा, हवे असलेले शब्द लिहा, आणि त्याने कोणाचं काय अडतंय ते थोडक्यात. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण वाचणारे थकलेले असतात आणि गठ्ठा तेव्हाच सगळ्यात मोठा असतो. पोच जपून ठेवा. अंतिम नियम निघाले की आपलं कलम काढून बघा, आणि बदललं नसेल तर सूचनांचा सारांश कुठे आहे हे लेखी विचारा. भारतात असाल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो तक्ताच मागता येतो, आणि अशा अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्या पाच ओळींच्या बाईंना त्यांचे शब्द नियमांत आल्याचं आमच्याकडून कोणीही कळवलं नाही. तशी पद्धतच नव्हती, आणि मीही तेव्हा ती मोडली नाही. तुम्हाला उत्तर आलं नाही याचा अर्थ कोणी वाचलं नाही असा होईलच असं नाही. मागच्या दोन्ही सूचना आणि अंतिम नियम एकदा शेजारी ठेवून बघा. नव्या मसुद्यातलं कुठलं कलम खटकतंय ते प्रतिक्रियेत लिहिलंत, तर शब्द कसे सुचवता येतील ते मी नक्की बघेन.