टॉवर खिडकीसमोर, फोन उशीखाली

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आलाय आणि तेव्हापासून सासूबाई रोज म्हणतात घर बदला, मुलगी ७ वर्षांची आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं की फोनलाही एसएआर म्हणून लिमिट असतं, मी बघितलं तर माझ्या फोनचं १.१९ आणि शेजारणीच्या फोनचं ०.८ निघालं, मग माझा जास्त घातक का? आणि फोनला चिकटवायची अँटी-रेडिएशन चिप घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घरात लेकरू असलं की अशी धाकधूक होणारच हो, त्यात काही चुकीचं नाही. एसएआर म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीर दर किलोला शोषतं त्याचा आकडा. आधी लिमिट कुठून आलं ते बघू. फोन आणि टॉवरच्या या रेडिओ लहरी अंगात शिरल्या की ऊब तयार करतात, एक्स-रेसारखे पेशीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. सगळ्या शरीरात दर किलोला ४ वॅट इतकी ऊर्जा शोषली गेली तर अंगाचं तापमान साधारण १ अंशाने चढतं, म्हणून आंतरराष्ट्रीय समितीने सामान्य माणसासाठी त्याच्या ५० वा भाग धरला, म्हणजे दर किलोला ०.०८ वॅट. फोन कानाला चिकटलेला असतो त्यामुळे डोक्यासाठी वेगळं लिमिट आहे, भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून दर किलोला १.६ वॅट, तेही १ ग्रॅम टिश्यूची, म्हणजे शरीरातल्या मांसाची, सरासरी काढून. आधी १० ग्रॅमवर २ वॅट चालायचं. फरक काय, तर भाकरी एका जागी करपली आणि सगळ्या भाकरीची सरासरी काढली तर तो डाग लपतो, तुकडा लहान घेतला की लपत नाही.

हे मोजतात कसं तेही ऐका, माणसाच्या डोक्याच्या साच्यात टिश्यूसारखं वागणारं द्रावण भरतात, फोन गालाला टेकवतात, तो फुल पॉवरवर चालवतात आणि रोबोटचा हात आत प्रोब, म्हणजे मोजणारी कांडी, फिरवून सगळ्यात जास्त आकडा शोधतो. म्हणजे तुमचं १.१९ हा वाईटात वाईट परिस्थितीतला आकडा आहे, रोजच्या बोलण्यातला नाही. दोन्ही फोन १.६ च्या आत आहेत, शेजारणीशी तुलना करून झोप घालवू नका. डायलरवर स्टार हॅश शून्य सात हॅश टाइप केलं की बऱ्याच फोनवर हा आकडा दिसतो.

आता टॉवर. याच १ सप्टेंबर २०१२ ला आपल्या सरकारने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, ९०० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीच्या लहरींना चौरस मीटरमागे ४.५ वॅटऐवजी ०.४५, १८०० ला ९ ऐवजी ०.९. अँटेनाचा झोत मुख्यतः समोर आडवा जातो, खाली फार कमी येतो, अगदी दिव्याखाली अंधार. म्हणून टॉवर आहे का यापेक्षा अँटेना तुमच्या खिडकीच्या उंचीला, तोंडासमोर, जवळ आहे का ते बघा. तसं असेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजमाप मागवता येतं. सोसायटीने वर्गणी काढून ते मागवावं असं मला मनापासून वाटतं, कारण मीटिंगमध्ये भांडण्यापेक्षा हातात आकडा असलेला बरा.

आणि एक गोष्ट सासूबाईंना नक्की सांगा, टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, म्हणजे कमी पॉवर लावतो. माझ्या माहेरी कोकणात मागच्या पडवीत जेमतेम एक कांडी रेंज येते, तिथे फोन जोर लावून सिग्नल पाठवतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपलेली असते. लिफ्टमध्ये, बेसमेंटमध्येही तेच, म्हणून अशा जागी लांबलचक बोलू नका. चिप मात्र अजिबात घेऊ नका, ती खरोखर लहरी अडवत असेल तर फोन उलट जास्त पॉवर लावेल आणि अडवत नसेल तर पैसे पाण्यात.

कॅन्सरचं विचाराल तर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरी ‘कदाचित कारणीभूत’ या गटात टाकल्या होत्या, पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. तरी लेकीच्या उशीखाली फोन ठेवू नका, स्पीकरवर बोला, थोडं अंतर वाढलं तरी शोषण झपाट्याने घटतं.

प्रश्न : बाबांना पेसमेकर बसवलाय, ते फोन शर्टच्या डाव्या खिशात ठेवतात, चालेल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : नाही रे, आजच तो खिसा बदलायला लाव. पेसमेकरपासून फोन निदान १५ सेंटिमीटर लांब हवा, वीतभर असेल तर उत्तमच. पेसमेकर डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला लावायचा आणि खिसा पँटचा. नवीन काही फोनच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबक असतं, ते तर छातीवर नकोच. बाबा ऐकत नसतील तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडूनच सांगायला लाव.